मित्रपरिवारातर्फे दोन शब्द

पांढुर्ण्याच्या दादाराव गजभियेला जिवंत दोस्त एकही नव्हता. मेलेले मात्र भरपूर होते. ऐकून हसू येत असेल तर येऊ द्या, त्यालाही कधी कधी येत असे. पण पन्नाशी उलटल्यावर संध्याकाळी कुठं जाऊन बसावं हे ज्याला सुचत नाही, त्याचं हसू फार वेळ टिकत नाही.

नावापासूनच घोळ होता. पोराचं नाव दादाराव ठेवलं म्हणजे त्यात दादाही आला आणि रावही आला. जन्मल्याबरोबर एवढा मान पदरात पडलेल्या माणसाच्या गळ्यात हात टाकून "काय बे" म्हणणार कोण? शाळेत एकदोघं म्हणत, पण ते कामधंद्यासाठी नागपूरकडं गेले ते गेलेच. दादाराव नगरपालिकेत पाण्याच्या विभागात लागला. मोहल्ल्यामोहल्ल्यात जाऊन जमिनीखालच्या पाइपाच्या वॉलमध्ये लांब चाबी घालायची, फिरवायची, पाणी सोडायचं आणि पुढच्या गल्लीत जायचं. पांढुर्णा जिल्हा झाला, पाट्या बदलल्या, मोठे मोठे साहेब आले, दादारावच्या हातातली चाबी मात्र तीच राहिली.

त्याला ओळखत नाही असा माणूस गावात शोधून सापडणार नाही. पण ओळखणारा प्रत्येक जण एकच गोष्ट विचारतो. लग्नात ताट घेऊन उभा असला तरी, "दादारावभाऊ, उद्या पाणी किती वाजता?" मागं एकदा तापानं फणफणून पडला होता तेव्हा बऱ्याच जणांचे फोन आले. त्याची बायको शकुंतला खूश झाली, चला, माणसं विचारतात तरी. तब्येतीचं विचारून झालं की प्रत्येकानं हळूच पुढचं विचारलं, की मग तुमच्या जागी आता वॉल कोण खोलून राहिला?

शकुंतलाचं तसं नव्हतं. भिशीच्या बायका वेगळ्या, विहारातल्या वेगळ्या, भाजी घ्यायला दारात गेली तरी तिचा अर्धा तास कुठं जाई कळत नसे. मुलगी सोनाली नागपूरला दिलेली, मुलगा कुणाल पुण्यात नोकरीला. त्या कुणालच्याच लग्नात दादारावची फजिती झाली. सौंसरला एका लॉनवर रिसेप्शन होतं. फोटोग्राफर माइकवरून एकेक गट बोलावत होता. मामाकडचे या, कॉलेजचे मित्र या, आईच्या मैत्रिणी या. आईच्या मैत्रिणी इतक्या आल्या की स्टेज करकरायला लागलं. मग त्यानं पुकारलं, वराच्या वडिलांचे मित्र या. दादाराव नवीन सफारी घालून नवरदेवाच्या बाजूला ताठ उभा. कोणी येईना. फोटोग्राफरला वाटलं आवाज पोहोचला नाही, म्हणून त्यानं पुन्हा पुकारलं, आणखी जोरात. शेवटी पाइपलाइनचा ठेकेदार हातातली प्लेट खाली ठेवून, तोंड पुसत पुसत वर आला आणि दादारावच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. अल्बममध्ये तो फोटो आहे. पाहुण्यांना अल्बम दाखवताना शकुंतला त्या पानावर आली की पान भर्रकन उलटते. दादारावला त्या फोटोपेक्षा तिचं ते भर्रकन उलटणं जास्त लागायचं.

मग त्यानं हातपाय मारले नाहीत असं नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत घुसून पाहिलं. ते लोक शुगरच्या पलीकडं बोलत नसत आणि दादारावला शुगर नव्हती, त्यामुळं तो तिथंही बाहेरचाच राहिला. दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होता. त्यात त्यानं एक दिवस फार विचार करून लिहिलं की रविवारी सौंसरच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला भेटू. खाली अंगठेच अंगठे आले. रविवारी तो सौंसरला गेला, हॉटेलात बसला, एक प्लेट आलूबोंडा खाल्ला, मग जागा अडवून बसल्यासारखं वाटू लागलं म्हणून आणखी एक प्लेट खाल्ली आणि पित्त घेऊन घरी आला. ग्रुपवर कोणीतरी विचारलं, कसा झाला कार्यक्रम? दादारावनंही अंगठा पाठवला. दुसरं काय करणार होता बिचारा.

अशात वस्तीतले सोमकुंवर कंपाउंडर वारले.

आमच्याकडं मयतीला अग्नी दिला की लोक लगेच घरी पळत नाहीत. तिथंच घाटावर सावली पाहून बसतात आणि शोकसभा होते. एक जण उभा राहून पुकारा करतो: समाजातर्फे अमुक बोलतील, ऑफिसतर्फे तमुक बोलतील. शेवटी येतं, आता मित्रपरिवारातर्फे कोणी दोन शब्द बोलावे. मग मौन, आणि मग हातपाय धुऊन सगळे घरी. त्या दिवशी त्रिशरण झालं, पंचशील झालं, समाजातर्फे झालं. मित्रपरिवारातर्फे म्हटल्यावर मात्र कोणी हललं नाही. पुकारणाऱ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. कोणी चप्पल चाचपत होतं, कोणी मोबाइल. सोमकुंवरांचा मुलगा मान खाली घालून बसलेला.  दादारावला वाटलं हा घाट आपलाच आहे, आपणच तिकडं जळून राहिलो आणि आपलाच कुणाल असा मान घालून बसला आहे. तो उठला. का उठला ते त्याचं त्याला कळायच्या आत बोलायलाही लागला होता.

सोमकुंवरभाऊ मनमिळाऊ होते, तो म्हणाला. कोणाच्या अध्यात नव्हते, मध्यात नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघं बसत होतो. फार बोलणं होत नव्हतं, पण बसत होतो. एवढं म्हणून तो खाली बसला. अहो, कसले बसत होते! कंपाउंडरशी त्याचं जन्मात जे काही बोलणं झालं ते तोटी गळते म्हणून झालेलं. पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरी गोष्ट अशी की दादारावच्याही आलं. सोमकुंवरांच्या मुलानं येऊन त्याचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी जेवताना शकुंतलानं विचारलं, एवढी ओळख होती का तुमची? होती, म्हणाला. आणि त्याला खरोखर एक दोस्त गेल्यासारखं सुनं सुनं वाटत राहिलं.

झालं, गावाला माणूस सापडला. मित्राकडचं कोणी बोललं नाही तर चारचौघांत बरं दिसत नाही, ही अडचण काय एकट्या सोमकुंवरांच्या घरची होती? पन्नाशी-साठीतले पुरुष एकामागून एक जात होते आणि घरच्यांना दिसत होतं की बाबांचा म्हणून सांगावा असा दोस्त कोणीच नाही. मग फोन यायचा, दादारावभाऊ, आमच्या काकांसाठी याल का, तुमची ओळख होतीच. होतीच, नळाची. दादाराव वॉल बंद करून, चाबी सायकलला बांधून घाटावर जायचा. ठरलेलं बोलायचा: मनमिळाऊ, अध्यात ना मध्यात, दारूच्या थेंबाला शिवले नाही, कोणावर साधा खडा उचलला नाही, संध्याकाळी आम्ही बसत होतो. हळूहळू त्याला ते खरंही वाटायला लागलं. पाणी सोडत जाताना एखाद्या गेलेल्याच्या घरासमोर क्षणभर उभा राहायचा, आपला दोस्त इथं राहत होता म्हणून. आता याला वेड म्हणा की काय म्हणा, पण कोणाचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते एकदाच. त्या दिवशी पोस्टातल्या एका बाबूंची मयत होती. नेमका एक वॉल अडकला आणि दादाराव उशिरा, घामाघूम होऊन घाटावर पोहोचला. त्याला काय माहीत की सावरगावच्या घाटावर टिनपत्रे बदलायचं काम चालू आहे म्हणून नदीपलीकडची एक मयत आज इकडं आली आहे. दोन सरणं, दोन घोळके. पहिल्या घोळक्यात नेमका पुकारा चालू होता, मित्रपरिवारातर्फे कोणी? दादाराव धापा टाकत उभा राहिला आणि सुरू झाला. मनमिळाऊवर लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. दारूच्या थेंबाला शिवले नाही म्हटल्यावर मागं कोणीतरी खोकललं. आणि जिंदगीत यांनी कोणावर साधा खडा उचलला नाही म्हटल्यावर एका म्हाताऱ्यानं उपरणं तोंडात कोंबलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

सरणावरचा तो माणूस होता सावरगावचा कवडू. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव उभं राहून एकमेकांवर गोटे मारतात, ती गोटमार. सोयरीक दोन्ही काठांची एकमेकांत, पण त्या दिवशी सासरा जावयाला ओळखत नाही. त्या गोटमारीत सावरगावकडून उभी हयात सगळ्यांच्या पुढं जो उभा राहिला, तो कवडू. आणि पांढुर्ण्याचा माणूस त्याच्या सरणापाशी उभा राहून सांगत होता की यानं खडा उचलला नाही.

चारआठ दिवसांनी दादारावच्या दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. साठीच्या अलीकडचा, डोक्याला टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. तुम्हीच का ते मित्रपरिवारवाले, म्हणून विचारलं. मी रघुनाथराव, कवडूचा लहाना भाऊ. दादारावला वाटलं आता शिव्या खाव्या लागतात.

"अजी, आमच्या कवडूभाऊच्या डोक्याले इतके टाके होते का न्हावी परेशान होत जाय," रघुनाथराव म्हणाले. "तुमच्या गावचे अर्धे टाळके त्यानंच फोडले. अन तुम्ही म्हणता खडा नाही उचलला."

दादारावनं हात जोडले. मी त्यांना ओळखत नव्हतो, म्हणाला. गलती झाली, मी दुसऱ्याच मयतीचा होतो. रघुनाथराव त्याच्याकडं पाहून एकदम हसायला लागले. हसता हसता ओट्यावरच बसले. म्हणाले, पांढुर्ण्याच्या माणसाच्या तोंडून सावरगाववाल्याची तारीफ आजवर कोणी ऐकली नव्हती, भाऊला मेल्यावर का होईना मिळाली. शकुंतला पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. सावरगावच्या कुणब्याच्या घरचा माणूस आपल्या वस्तीत पाणी घेतो की नाही, हा विचार आमच्याकडं अजूनही मनात येऊन जातोच, उगाच येत नाही कशाला म्हणा. रघुनाथरावांनी तांब्या तिच्या हातातून घेतला, गटागटा प्याले आणि चहात साखर जरा जास्त टाकजा म्हणाले.

जाताना दारात थांबले. त्यांची बायको मनकर्णा चार वर्षांपूर्वी गेली होती, मुलगा वैभव छिंदवाड्याला बँकेत होता, संत्र्याचा बगीचा ठेक्यानं देऊन टाकलेला. आता भाऊही गेला. म्हणाले, माझ्या टायमाला मित्रपरिवारातर्फे तुम्हालाच बोलावतील, दुसरं आहे कोण? पण असं भलतंच बोलू नका. आधी नीट माहिती घ्या.

दादारावला हे बोलणं थट्टेतलं आहे की खरं, ते कळलं नाही. पण तो दुसऱ्या दिवशी शेवटचा वॉल बंद करून, पूल ओलांडून सावरगावला गेला. माहिती घ्यायला आलो, म्हणाला. बसा, रघुनाथराव म्हणाले.

तेव्हापासून तो रोज जायला लागला. बगीच्याच्या कडेला पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिच्यासमोर बाज टाकलेली असे. दोघं बसत. रघुनाथराव संत्री सोलत आणि माहिती देत. मनकर्णाला पाहायला गेलो तेव्हा तिच्या बहिणीलाच मनकर्णा समजून पसंत करून आलो होतो, हे सांगितलं. राजू नावाचा लहाना मुलगा तापात गेला, त्याचं नाव घरात कोणी घेत नाही, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर दोघं अंधार पडेपर्यंत गप्प बसले होते. दादारावनं त्यांना अल्बममधल्या फोटोची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यानं आजवर कोणाला सांगितली नव्हती. रघुनाथराव ठसका लागेपर्यंत हसले आणि मग डोळे पुसत म्हणाले, मला बोलावलं असतं तर आलो असतो की स्टेजवर. तेव्हा ओळख नव्हती, दादाराव म्हणाला. हो, हेही खरंच, रघुनाथराव म्हणाले.

गोटमारीच्या दिवशी तेवढं दोघं भेटत नसत, कारण पूल बंद असे. दुसऱ्या दिवशी भेटले की यंदा कोण जिंकलं यावरून भांडत. दादाराव भांडताना आवाज चढवायचा, हे शकुंतलाला सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. घाटावरचे फोन अजून येत होते, पण तो आता कमी जायला लागला होता. आज जमत नाही, सावरगावला जायचं आहे, म्हणून सांगायचा. हे वाक्य बोलताना त्याला फार बरं वाटायचं.

पण एक खोड दोघांना लागली होती. उठायची वेळ झाली की दादाराव म्हणायचा, आजची माहिती एवढीच पुरे. आणि रघुनाथराव म्हणायचे, बाकी उद्या, अजून मेलो नाही. दोघंही हसायचे. रोज हेच. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, तिसरा हिवाळा आला तरी हेच. मी तुमच्याकडं येतो कारण मला यावंसं वाटतं, हे साधं वाक्य दादारावच्या तोंडातून काही निघालं नाही, आणि रघुनाथरावांनी ते कधी विचारलं नाही. आमच्याकडं बायकोलाही असलं काही बोलायची पद्धत नाही, तिथं साठीच्या घरातल्या पुरुषाला कोण बोलणार?

जानेवारीत एका संध्याकाळी रघुनाथराव संत्र्याच्या शिरा काढता काढता म्हणाले की वैभव मागं लागला आहे, छिंदवाड्याला या म्हणतो. इथं एकटं राहून काय करता म्हणतो. एवढं बोलून ते थांबले. चांगलेच थांबले.

आता इथं या माणसानं काय बोलावं? काहीतरी बोलावं की नाही? दादाराव म्हणाला, बरं आहे. नातू आहे, दवाखाना जवळ आहे, सुनेच्या हातचं गरम जेवण मिळेल. इथं ठेवलं तरी काय आहे. एकेक शहाणपणाची गोष्ट अशी बोलत गेला की जणू कोणी त्याला त्यासाठी पगार देत होतं. रघुनाथरावांनी मान हलवली. हो, तुम्हीही असंच म्हणता तर, म्हणाले. त्या दिवशी उठताना माहितीचं कोणी काढलं नाही.

घरी आल्यावर त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. शकुंतलानं खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, नका जाऊ म्हणाले का तुम्ही? असं कसं म्हणावं, तो म्हणाला, त्यांच्या घरचा मामला आहे. शकुंतलानं पोळीचं भांडं आदळलं. इतकी वर्षं ती गप्प होती.

"मेलेल्या माणसापुढं खोटं खोटं रडता," ती म्हणाली. "जित्या माणसाले एक खरी गोष्ट सांगाले जीभ नाही रेटत तुमची?"

दादाराव ताटावरून उठला नाही आणि जेवलाही नाही. उद्या सांगतो, त्यानं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेला तर घर झाडणं चालू होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी भाडेकरू घर पाहायला आले होते. त्यांच्यासमोर कसं बोलायचं? मग पाइपलाइन फुटली, तीत दोन दिवस गेले. आणि मग जायचाच दिवस उजाडला.

छिंदवाड्याची बस पांढुर्ण्याहून निघते, सौंसरवरून, रामाकोन्यावरून, घाट चढून जाते. दादाराव सुटी टाकून बसस्टँडवर आला. त्यानं रघुनाथरावांची मोठी बॅग उचलली, वर चढवली, सीटखाली सरकवली आणि उतरायचं सोडून बाजूला बसला. कंडक्टर आला तेव्हा त्यानं सौंसरचं तिकीट काढलं. सौंसरला थोडं काम आहे, म्हणाला. काय काम ते रघुनाथरावांनी विचारलं नाही. बस निघाली. रस्त्याला कापसाच्या गाड्या होत्या, त्यांच्यामागं बस रांगत होती, तेवढं बरं वाटत होतं. दोघं गाड्यांबद्दल बोलले. यंदा भाव काय, यावर बोलले. मग दादारावनं मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. घाटावर कधी एक शब्द शोधावा लागला नव्हता त्याला.

सौंसर आलं. बस थांबली, माणसं उतरली, चढली. दादाराव हलला नाही. बस सुटायला लागली तेव्हा त्यानं कंडक्टरला हाक मारली आणि रामाकोन्याचं तिकीट मागितलं. कंडक्टरनं त्याच्याकडं पाहिलं, म्हणाला, एकदाच काय ते ठरवा ना भाऊ. रघुनाथराव खिडकीबाहेर पाहत होते. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे मागं मागं जात होते आणि दादारावला कळून चुकलं की रामाकोन्याच्या पुढं घाट लागतो, घाटापलीकडून परत यायला आज बस मिळायची नाही. जे काय आहे ते आता.

"तुम्ही जाऊन राहिले ते मले बिलकुल चांगलं नाही वाटून राहिलं," तो म्हणाला. आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. "मले दुसरं कोणीच नाही, रघुनाथराव. तुम्हीच आहा."

रघुनाथरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"दोन महिने झाले, पोरगा विचारून राहिला होता," ते म्हणाले. "बाबा, तिथं तुमचं आहे कोण म्हणे. तुमचं नाव माझ्या तोंडावर येत जाय. पण मले वाटे, हा माणूस त्याच्या भाषणाच्या तयारीले येते. आपणच सांगितलं होतं त्याले. म्हणून मी म्हटलं, कोणी नाही."

दादाराव मान खाली घालून हातातलं तिकीट दुमडत राहिला.

"त्या दिवशी मी थांबलो होतो ना, बाजेवर," रघुनाथराव म्हणाले. "तुम्ही दवाखाना जवळ आहे म्हणाले."

"हाव."

"मग आता सांगता? आता घरात लोक राहाले आले, सामान गेलं." ते रागावले होते. डोळे ओले झाले होते आणि ते लपवायला त्यांना जमत नव्हतं. "का घाटावर सांगणार होते, मी मेल्यावर?"

 दादारावनं त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखाद्या पुरुषाचा हात असा धरला होता, कोणाच्या मयतीत नाही, कोणाला उठवायला नाही, नुसता. रघुनाथरावांनी काढून घेतला नाही. बस एका वळणावर कलली तसे दोघं एकमेकांवर कलले आणि सरळ झाले.

रामाकोना आलं. कंडक्टर या खेपेला स्वतःच येऊन उभा राहिला. दादाराव उतरला. खिडकीपाशी गेला तेव्हा रघुनाथराव म्हणाले की छिंदवाड्याला या कधी, आणि दोघांनाही ठाऊक होतं की सुटी, बस, सून, दोन खोल्यांचा फ्लॅट, हे सगळं मधे आहे. येतो, दादाराव म्हणाला. बस गेली. धूळ बसेपर्यंत तो उभा राहिला.

परतीच्या बसला वेळ होता. रस्त्यापलीकडं चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर जाऊन बसला. चहावाल्यानं कप पुढं ठेवताना त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, कोणाच्या मयतीले आले होते का भाऊ?

"नाही," दादाराव म्हणाला. "दोस्ताले सोडाले आलो होतो."